वडील कोण?

९ फेब्रुवारी, रविवार

चिंगे,

हे पत्र तू उघडशील की नाही, हे मला ठाऊक नाही. परंतु न उघडलेल्या पत्रातही शुद्धलेखन सांभाळावे या मताचा मी असल्याने ते दुसऱ्यांदा लिहून काढतो आहे. तुझी आई फोनवर तुझ्याशी बोलते तेव्हा मी बहुधा त्याच खोलीत असतो. ‘बाबा बरे आहेत’ हे ती तुला न विचारताच सांगते, ते ऐकू येते. त्यावर तू काही बोलत नाहीस, तेही ऐकू येते.

आज बाप्तिस्म्याच्या उमेदवारांच्या वर्गात माझा सर्वांत आवडता धडा होता: देवाला ओळखणे म्हणजे काय. यंदा उमेदवार मोजकेच आहेत, पण एकजात चौकस. त्यांत एक बसची कंडक्टर आहे, एक वेल्डर आहे, आणि एक म्हातारे शिंपी आहेत. ते प्रत्येक वाक्याला मान डोलावतात आणि शेवटी ‘कळलं नाही’ म्हणतात. मी नेहमीप्रमाणे माहिती आणि ओळख यांतील भेदापासून सुरुवात केली. म्हटले, ‘या शहराच्या मुख्य न्यायाधीशांचे शिक्षण, निकाल, सवयी, सगळे मला माहीत आहे. उद्या ते रस्त्यात समोर आले, तर मला ओळख देतील का?’

कंडक्टरबाई म्हणाल्या, ‘मास्तर, ते आमच्या बसनं येत नाहीत. आले आणि तिकीट नसलं, तर मात्र लगेच ओळख सांगतील!’

वर्ग हसला, आणि मला पुढचा सगळा धडा त्या एका वाक्यात सापडला. पाहा, आपल्या भाषेने या एका शब्दाभोवती किती क्रियापदे उभी केली आहेत. ओळख असते, ती आपोआप. ओळख सांगता येते, बहुधा स्वतःच्या फायद्यासाठी. ओळख ठेवावी लागते, त्याला सातत्य लागते. आणि ओळख द्यावी लागते. ती चारचौघांत, रस्त्यावर, समोरचा फाटक्या कपड्यांत असला तरी. देवाने आपल्याला आधीच ओळखले आहे आणि ख्रिस्ताच्या रूपाने भर रस्त्यात ओळख दिली आहे. पहिले पाऊल त्याचे. आपल्याकडून उरते ते ओळख परत देणे आणि ती ठेवणे. यालाच मी विश्वासूपणे जगणे म्हणतो. शिंपीबुवांनी मान डोलावली आणि चक्क ‘कळलं’ म्हणाले. मी घरी जवळजवळ उड्या मारत आलो.

घर सोडून जाताना तू दारात म्हणाली होतीस, ‘बाबा, देवाच्या घरातली सगळी माणसं तुम्हाला माहीत आहेत, आपल्या घरातली सोडून.’ वाक्य निर्दोष होते. पण थोरल्याला घराबाहेर काढले ते मी रागाच्या भरात नाही, हे तुला मान्य करावे लागेल. भर उपासनेत पिऊन येऊन पुढच्या बाकावर बसणे, आणि मी शास्त्र उलगडून सांगत असता सर्वांना ऐकू जाईल असे ‘हे माझे बाबा आहेत बरं का!’ म्हणून ओरडणे, याला मंडळीत काही मर्यादा असायला हवी की नाही?

बाकी सर्व ठीक. काल पोलीस चौकीतून एक शिपाई येऊन गेला. विशेष काही नव्हते. थोरल्याचा तुला अलीकडे फोन आला होता का? सहज विचारतो.

बाबा

१२ फेब्रुवारी, बुधवार

चिंगे,

रविवारच्या पत्रात एक दुरुस्ती आहे. ‘विशेष काही नव्हते’ हे विधान ढिले होते. लिहिताना ढिले विधान करू नये, असे मी तुम्हा दोघांना पाटीवर शिकवले. म्हणून प्रसंग क्रमाने सांगतो. त्यात भाषेच्या दृष्टीने एक मोठी गमतीची गोष्टही आहे.

शनिवारी दुपारी शिपाई आला तेव्हा आमच्या मंडळीचे वडील घरी बसले होते. तू गेल्यानंतर हे गृहस्थ या शहरात आले आणि मंडळीचा कारभार पाहणारे वडील म्हणून निवडून आले, त्यामुळे तू त्यांना पाहिलेले नाहीस. पूर्वी बँकेत होते, दृष्टी अधू, मन लोण्यासारखे. सगळी मंडळी त्यांना नुसते ‘वडील’ म्हणते. त्यांची बायकोसुद्धा हाक मारताना ‘अहो वडील’ म्हणते आणि मग स्वतःच हसते. शिपाई म्हणाला, ‘मास्तर, बाजारामागच्या गल्लीत एक जण मिळालाय. थंडीनं गेला असावा. कुणी म्हणतं तुमच्या ओळखीचा आहे. बघून घ्या.’ तुझी आई शिवणयंत्रावर होती. यंत्राच्या आवाजात तिला ऐकू गेले नाही. वडील म्हणाले, ‘चला, मीही येतो. एकट्यानं जायची जागा नाही ती.’

सरकारी दवाखान्याचे शवागार मागच्या बाजूला आहे. पायऱ्या उतरून जावे लागते. भिंतीला हिरवा तैलरंग, जमीन सतत धुतलेली, आणि कोपऱ्यात एक हवालदार टेबल टाकून जेवणाचा डबा बांधत बसलेला. घरी आलेला शिपाई गाडीपाशीच थांबला होता. आतून सेवकाने गाडा ढकलत आणला, चादर खाली केली. हवालदार डबा बाजूला सारून म्हणाला, ‘वडील कोण?’

आणि आमचे वडील म्हणाले, ‘मी.’

बघ आता! माणूस खोटे बोलला नाही. रोज सकाळ-संध्याकाळ त्याला ज्या शब्दाने हाक मारतात, त्याला त्याने ओ दिली. हवालदार म्हणाला, ‘ओळखता का?’ ते वाकले, चष्मा पुसून पुन्हा वाकले, आणि म्हणाले, ‘नाही. नाही ओळखत.’

‘नक्की?’

‘नक्की.’

हवालदाराने लिहून घेतले: वडिलांना ओळख पटली नाही. सही वडिलांची. एकाच शब्दाला मंडळीत एक अर्थ आणि घरात दुसरा, आणि दोन्ही अर्थ एकाच खोलीत समोरासमोर! वर्गात सांगायला असा दाखला शोधून मिळणार नाही.

मी त्यांच्या मागे उभा होतो. उजेड अपुरा होता. चेहरा मला नीट दिसला नाही.

हवालदार म्हणाला, कुणी पुढे आले नाही तर मुदत संपल्यावर महापालिका पुरून टाकते.

रविवारी बाप्तिस्मा आहे, तयारी पुष्कळ आहे. तुझी आई तुला फोन करील तेव्हा हे बोलू नकोस. तिला अजून काही सांगितलेले नाही, कारण सांगण्यासारखे निश्चित असे काही नाही.

बाबा

१६ फेब्रुवारी, रविवार

चिंगे,

उजेड पुरेसा होता.

हे वाक्य आज सकाळपासून डोक्यात तयार आहे, म्हणून आधी लिहून टाकले. आता बाकीचे क्रमाने.

शुक्रवारी वर्गाची शेवटची उजळणी होती. बाप्तिस्म्याच्या वेळी प्रश्न विचारण्याचे काम आपल्याकडे शिकवणाऱ्याचे असते, हे तुला माहीत आहे. मी समजावून सांगत होतो की मनातल्या मनात मानणे पुरत नाही. लोकांसमोर तोंडाने कबूल करावे लागते. तेव्हा कंडक्टरबाईंनी हात वर केला. ‘मास्तर, प्रभूला धरून नेलं त्या रात्री अंगणात शेकोटीपाशी बसून ज्यानं ‘मी त्याला ओळखत नाही’ असं तीनदा म्हटलं, तो शिष्य तर इतकी वर्षं बरोबर होता. मग तो ओळखत नव्हता का?’

मी तत्काळ उत्तर दिले, तुझा बाप उत्तरांसाठीच प्रसिद्ध आहे. म्हटले, ‘ओळखत होता. ओळख देत नव्हता.’

‘पण का?’

‘कारण दिली असती, तर तो कुणाचा माणूस आहे, हे सगळ्यांना कळले असते.’

शिंपीबुवा म्हणाले, ‘हे बरोबर कळलं मास्तर.’ यावेळी त्यांनी मान डोलावली नाही, नुसते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना काहीच ठाऊक नव्हते, तरी मला खडू खाली ठेवून पाणी प्यावे लागले.

आता जे बुधवारी गाळले ते लिहितो. हवालदाराने माझ्याकडेही पाहिले होते. ‘हे कोण?’ त्याने विचारले. वडील म्हणाले, ‘हे आमचे मास्तर.’ हवालदार म्हणाला, ‘मास्तर, तुम्हाला काही?’ मी मान हलवली. शब्द उच्चारला नाही, नुसती मान. त्याचा अर्थ काय घ्यायचा ते मी त्याच्यावर सोडले, आणि त्याने जो घ्यायचा तो घेतला.

तो थोरला होता. केस पांढरे झाले होते, चिंगे, माझ्याहून पांढरे. नखांत रंग होता. म्हणजे रंगकाम करत होता शेवटपर्यंत. त्याच्याविषयी मला असलेली ही सर्वांत अलीकडची माहिती.

मी भ्यालो होतो का, याचा गेला आठवडाभर पद्धतशीर विचार केला. पोलिसांची भीती नव्हती. वडिलांसमोर सांगावे लागले असते, एवढेच होते. ते गृहस्थ मला मंडळीचा खांब मानतात. त्यांना ठाऊकही नव्हते की मला एक मुलगा आहे; मी त्यांना ते कधी सांगितले नव्हते. एक वाक्य बोलायचे, तर त्याआधीची कित्येक वर्षे उलगडून सांगावी लागली असती, त्या धुतलेल्या जमिनीवर उभे राहून. मनाशी म्हटले, बाप्तिस्मा होऊ दे, मग शांतपणे येऊन सांगू. विचार अगदी सुसंबद्ध वाटला होता.

आज बाप्तिस्मा झाला. कंडक्टरबाईंना मी विचारले, ‘तू प्रभूला ओळखतेस आणि या सर्वांसमोर त्याला आपला म्हणतेस का?’ त्या इतक्या मोठ्याने ‘हो’ म्हणाल्या की मागच्या बाकांवरची पोरे दचकली. प्रश्न माझ्या तोंडचा होता. पुढच्या उमेदवाराला तोच प्रश्न विचारायला माझा आवाज निघेना. पाळकसाहेबांना वाटले, मास्तर भारावले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढचे प्रश्न स्वतः विचारले.

बाहेर आल्यावर मी वडिलांना बाजूला घेऊन सगळे सांगितले. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, ‘मास्तर, मी ‘मी’ म्हणालो ते सवयीनं. तुम्ही गप्प बसलात ते कशानं?’ त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखर जाणून घ्यायचे होते. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, ‘म्हणजे मी तुमच्या मुलाला नाही म्हणून आलो!’ आणि मलाच त्यांची समजूत काढावी लागली.

घरी आल्यावर तुझ्या आईशी बोललो. मी पद्धत सोडत नाही; वाटले, उद्या दवाखान्यात काही पुरावा विचारतील, तर तयारी असावी. ती भाजी निवडत होती. मी म्हटले, ‘थोरल्याच्या अंगावर जन्मापासूनची काही खूण होती का गं?’

तिचे हात थांबले. ‘खूण कशाला लागते?’

‘सहज.’

‘जिवंत माणसाची खूण कुणी सहज विचारत नाही.’ तिने परात बाजूला ठेवली. ‘कुठे आहे तो?’

मी सांगितले. सुरुवातीपासून सांगू लागलो, तर ती म्हणाली, ‘धडा नको. कुठे आहे एवढंच सांगा.’ मग ती उठून आत गेली आणि बाहेर जायचे कपडे घालून आली. आज रविवार, कचेरी बंद, हे समजावायला मला फार वेळ लागला. ती अजून तशीच, चपला घालून, खुर्चीवर बसली आहे. फोन करायला नको म्हणते. ‘तुम्हीच लिहा तिला. तुमच्या हातानं लिहा.’

उद्या सकाळी जातो.

बाबा

२४ फेब्रुवारी, सोमवार

चिंगे,

तुझा फोन तुझ्या आईला आला, आणि तू फक्त एवढेच विचारलेस की ‘कुठे पुरला?’, असे तिने सांगितले. त्याचे उत्तर देण्यासाठी हे पत्र आहे.

गेल्या सोमवारी सकाळी आम्ही दवाखान्याचे दार उघडण्याआधी पोचलो. वडीलही आले, नको म्हटले तरी आले. खिडकीतल्या कारकुनाला मी म्हटले, ‘बाजारामागच्या गल्लीत सापडलेला माणूस माझा मुलगा आहे. मी त्याचा बाप.’

त्याने कागद काढला. बोट फिरवत वाचला. ‘त्याचे वडील येऊन गेले. नाही म्हणाले. तुम्ही कोण?’

वडील पुढे झाले, ‘अहो, मी म्हणजे मंडळीचा वडील, त्याचा नव्हे.’ कारकून त्यांच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिला. मागे रांग होती. कुणीतरी म्हणाले, ‘आजोबा, घरी ठरवून या ना, कोण बाप आहे ते!’ काही जण हसले. मी हसणाऱ्यांकडे वळलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे पुन्हा सांगितले: तो दारू प्यायचा, मी त्याला घराबाहेर काढले होते, आठवड्यापूर्वी मी इथे त्याला पाहून ओळख दिली नाही, आणि तो माझा मुलगा आहे. तुझ्या आईने माझ्या बाहीला धरले होते. तिने ओढले नाही, सोडलेही नाही.

कारकून हलक्या आवाजात म्हणाला, ‘शनिवारीच उरकलं हो. ओळख पटली नाही असं लिहिलेलं होतं ना, मग थांबत नाहीत.’

शनिवारी मी चर्चमध्ये बाके पुसून घेत होतो. रविवारी कंडक्टरबाई ‘हो’ म्हणाल्या, तेव्हा तो मातीत होता.

दफनभूमीच्या शेवटच्या भिंतीशी बेवारसांची जागा आहे. तिथला खोदणारा सभ्य माणूस होता. म्हणाला, ‘शनिवारी एका गाडीतून बरेच आले. थंडीत येतातच. पाट्या सोमवारी लावतो आम्ही, पण रविवारी कुत्र्यांनी सगळं उकरलं, काठ्या इकडच्या तिकडे झाल्या. खोटं कशाला सांगू, कुठला कोण ते आता मला सांगता येणार नाही.’ ताज्या मातीचे ढिगारे एका ओळीत होते, सारख्याच उंचीचे. त्यांतला एक थोरला.

उकरून पाहण्यासाठी महापालिकेत अर्ज केला. साहेबांनी ऐकून घेतले, पण म्हणाले, एकासाठी सगळ्यांना उकरता येणार नाही, आणि बापानेच एकदा नाही म्हटल्यावर कोणत्या आधारावर परवानगी देऊ? मी त्यांच्याशी वाद घातला नाही. एवढी मात्र विनंती केली की नोंद दुरुस्त करावी. ‘आता त्याचा काय उपयोग?’ ते म्हणाले. मी म्हटले, ‘उपयोग काही नाही.’ त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. वडील या शब्दापुढे मी माझे नाव लिहिले.

काल उपासनेनंतर मंडळीसमोर उभा राहिलो आणि हेच सगळे सांगितले. बाजारातल्या गॅरेजवाल्यानेच पोलिसांना माझा पत्ता दिला होता, असे नंतर कळले होते, तेही सांगितले. थोरला दुपारी त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसायचा. शुद्धीत असो वा नसो, नवीन माणूस आला की सांगायचा, ‘मी मास्तरांचा मुलगा. देवाविषयी काही विचारायचं असेल तर बाबांना विचारा, त्यांच्यासारखं कुणी सांगत नाही.’ त्याने शेवटपर्यंत माझी ओळख सांगितली, आणि त्यातून त्याला काही मिळणार नव्हते. त्या पहिल्या रविवारच्या धड्यात ‘बहुधा स्वतःच्या फायद्यासाठी’ असे मी म्हटले होते. ते चूक होते.

काही जण मला भेटायला पुढे आले, काही मागच्या दाराने गेले. वर्ग यापुढे पाळकसाहेब घेतील. माझी हरकत नाही. देव माणसाला ओळखतो, हे मी इतकी वर्षे शिकवले आणि आजही तसेच शिकवीन. फरक एवढाच की तेव्हा त्या वाक्याने मला आनंद होई, आता भय वाटते, आणि भयाखाली कुठेतरी आधारही. त्या भिंतीशी कोण कुठे आहे, हे ठाऊक असलेला तो एकटाच उरला आहे.

तू आलीस तर स्टेशनवर मी येणार नाही. तुझी आई येईल. मला ओळख द्यायची की नाही, हे तू ठरव. तो तुझा अधिकार आहे आणि मी त्यावर धडा देणार नाही.

तू विचारलेस, कुठे पुरला. सांगता येत नाही. तुझी आई रोज सकाळी जाते आणि एकेका ढिगाऱ्यापाशी बसते. आज एक, उद्या त्याच्या शेजारचा, आणि ओळ संपली की पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येकाशी ती तेवढाच वेळ बोलते. मी थोडा मागे उभा राहतो. येणारे-जाणारे विचारतात, ‘कोण होतं तुमचं?’ आणि मी सांगतो.

बाबा